समोरच्या दारातली कढई

आईला कढया खालून माहीत होत्या. बाकीच्या बायका कढई आतून बघतात. तेल किती मावेल, पुरी केवढी फुगेल. आईनं हुबळीच्या कमरीपेठेत एका खानावळीत आठ वर्षं भांडी घासली होती, म्हणून ती आधी बूड बघायची.

खानावळीच्या परसात नळाजवळ एक दगड होता. त्यावर बसून ती कढया उपड्या घालायची आणि राख, चिंच, विटेचा चुरा घेऊन घासत राहायची. परसातून स्वयंपाकघरात जायला एक दार होतं. घासलेलं भांडं त्या दाराच्या उंबऱ्यावर ठेवायचं. आतून कुणीतरी येऊन त्यावर तांब्याभर पाणी ओतायचं आणि मग ते आत न्यायचं. आईनं उंबऱ्याच्या आत पाय ठेवायचा नाही. हे पहिल्या दिवशी कुणी सांगितलं होतं का, असं मी तिला एकदा विचारलं. ती म्हणाली, "सांगायला कशाला लागतंय? आपण कोण हे त्यांना ठाऊक, ते कोण हे आपल्याला ठाऊक." आम्ही बौद्ध. माझ्या आज्यानं दीक्षा घेतली होती आणि घरातले देव उचलून ठेवले होते, पण खानावळीच्या लेखी आम्ही होतो तिथंच होतो.

उंबऱ्याबाहेरून चूल मात्र दिसायची. पांढऱ्या मिशांचा एक म्हातारा आचारी तिथं बसून मिरची तळायचा. मिरची म्हणजे आमच्याकडं मिरचीची भजी. लांब, फिक्कट हिरव्या मिरच्या बेसनात बुडवून तळायच्या आणि चुरमुऱ्याच्या गिरमिटाबरोबर खायच्या. हुबळीत संध्याकाळी हे पोटात गेलं नाही तर माणसाला काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. आई घासता घासता त्या म्हाताऱ्याच्या हातांकडं बघायची. पीठ किती सैल, मिरची कुठं धरतो, तेलात कशी सोडतो, जाळ कधी मागं ओढतो. इतकी वर्षं रोज बघितल्यावर माणूस काय शिकत नाही?

आमच्या घरात मात्र तळण नव्हतं. तवा होता, दोन पातेली होती, चूल होती. पुऱ्या खायच्या त्या कुणाच्या तरी लग्नात.

मी आठवीत असताना एका रविवारी सकाळी आई म्हणाली, "मी कढई घेणार."

अप्पा गिरणीत कामाला होते. कमी बोलणारा, भांडण टाळणारा माणूस. ते म्हणाले, "कशाला पायजे?"

"तळायला."

"तळून कुणाला घालणार?"

"तुम्हाला. पोरीला. मला."

"रोज काय सण आहे आपल्यात?"

"सण असल्यावरच खायचं असं कुठं लिवलंय?" असं म्हणून आईनं पायात चपला घातल्या.

तिच्याबरोबर मी दुर्गदबैलच्या बाजारात गेले. कापडाची, धान्याची, लोखंडाची दुकानं, मधून हातगाड्या, त्यातून वाट काढत आम्ही भांड्यांच्या दुकानात पोचलो. दुकानदारानं आमच्याकडं एकदा बघितलं आणि समोर जर्मनची कढई ठेवली. अॅल्युमिनिअमला आमच्याकडं जर्मन म्हणतात. हलकी, चकचकीत आणि स्वस्त. आईनं ती उपडी केली, बुडावर अंगठा दाबला आणि परत दिली.

"ही नको. तेल लगेच तापतं आणि लगेच निवतं. वर्षात बुडाला खड्डे पडतात."

मग त्यानं पितळी काढली. आई म्हणाली, "कल्हई लागते. तळणाच्या तापात ती वितळती." मग बिडाची आली. ती आईनं दोन्ही हातांनी उचलून बघितली. "जड आहे, चांगली आहे, पण हातातून सुटली तर फुटती. मी दोन फुटलेल्या बघितल्यात."

दुकानदाराला आता मजा वाटायला लागली. तो कन्नडमध्ये म्हणाला, "अक्का, मंदि वळग नोड्तार, नीवेनरी तळा नोडाकत्तीरी?" लोक आत बघतात, तुम्ही काय बूड बघत बसलाय?

आई कन्नडमध्येच म्हणाली की आतली बाजू सगळ्याच दाखवतात, खरं बुडाला कळतं.

शेवटी तिनं घडीव लोखंडाची एक कढई स्वतःच आतल्या ढिगातून ओढून काढली. काळी, खरबरीत, जाड बुडाची, खोलगट. खोल असली की थोडं तेल मधे गोळा होतं आणि तेवढ्यात भागतं, हे तिनं मला तिथंच सांगितलं. बोटाच्या पेरानं तिनं कढई ठोकली, कान लावून ऐकलं. कढईच्या दोन्ही कड्यांचे रिबीट नखानं तपासले. ते वरच्या काठाशी होते आणि सपाट ठोकलेले होते. "इथं फट राहिली की घाण साठती," ती मला म्हणाली, "आणि ती काढता काढता नखं जातात." तिच्या उजव्या हाताची दोन नखं कायमची काळी होती. मी त्याआधी कधी विचारलं नव्हतं.

घरी आल्यावर वाटलं होतं, संध्याकाळी पुऱ्या होणार. आईनं दोन दिवस कढईत काही शिजवलंच नाही. चिंच-राखेनं घासली, जाळावर कोरडी केली, आतून तेल चोळलं, तापवली, परत तेल चोळलं. मग कांद्याची सालं टाकून परतली आणि फेकून दिली. घरभर धूर. अप्पा बाहेर कट्ट्यावर जाऊन बसले. तिसऱ्या दिवशी पहिली पुरी तळली, तर ती फुगलीच नाही आणि तिला लोखंडाची चव आली. दुसरी तशीच. शेजारची अक्का दारातून डोकावून म्हणाली, "हे आपलं काम नव्हे गं बाई. हात लागतो त्याला."

आई म्हणाली, "हात काय आभाळातून पडतो?"

आमची चूल तव्याच्या मापाची, त्यामुळं गोल बुडाची कढई त्यावर डुलायची. उकळतं तेल आणि डुलणारी कढई बघून मला धडकी भरायची. पुढच्या सुट्टीला अप्पांनी विटा आणल्या, माती कालवली आणि कढई मांडून मांडून तिच्या मापाची बुटकी चूल बांधली. चूल वाळल्यावर त्यांनी कढई हातानं हलवून बघितली. ती हलली नाही. तेव्हापासून त्यांनी "कशाला पायजे" म्हणणं सोडलं.

आई शिकत गेली. पिठाचा गुंजेएवढा गोळा तेलात टाकायचा. तो तळाशी बसला तर तेल कच्चं, टाकल्या टाकल्या काळा झाला तर जास्त तापलं, बुडबुडे घेत सावकाश वर आला तर बरोबर. एका वेळी फार सोडायचं नाही, तेल निवतं आणि पदार्थ तेल पितो. ओला हात कढईवर न्यायचा नाही. उरलेलं तेल निवल्यावर फडक्यातून गाळायचं, काळपट झालं की त्यात परत तळायचं नाही. ते दिव्याला वापरायचं. हे सगळं मी तेव्हा वहीत उतरवून घेतलं नाही, पण आजही माझे हात तसंच करतात.

मिरचीनं मात्र तिला एकदा चांगलाच हिसका दिला. पहिल्यांदा तिनं मिरच्या धुऊन तशाच पिठात बुडवल्या. ओल्या मिरचीवरून पीठ निसटलं. पुढच्या वेळी पुसून घेतल्या, पीठ नीट बसलं, पण मिरचीला चीर द्यायची राहिली. कढईत मिरची फुटली आणि तेलाचा शिंतोडा तिच्या मनगटापासून कोपरापर्यंत उडाला. मी किंचाळले. तिनं हात बादलीतल्या पाण्यात बुडवला, बराच वेळ तसाच ठेवला. ओठ आवळलेले. मग हात बाहेर काढून म्हणाली, "विळी दे."

"आता राहू दे की आई."

"विळी दे म्हणते ना. चीर द्यायची राहिली होती, एवढंच." आणि डाव्या हातानं तिनं उरलेल्या सगळ्या मिरच्यांना चिरा दिल्या.

त्या दिवशीच्या मिरच्या अजून जिभेवर आहेत. बाहेरून कुरकुरीत, आत मऊ, पिठात ओवा आणि चमचाभर कडकडीत तेल. दुसऱ्या दिवशी आईनं चार मिरच्या डब्यात घालून कामावर नेल्या, बरोबर भांडी घासणाऱ्या बायकांसाठी. दुपारी त्या परसात खात बसल्या असताना म्हातारा आचारी हात धुवायला नळावर आला. त्यानं डब्यात बघितलं, न विचारता एक मिरची उचलली आणि उभ्या उभ्या खाल्ली. मग हात धुऊन आत गेला. आईनं घरी येऊन हे तीन वेळा सांगितलं.

हे झालं त्यानंतर दोनेक वर्षांनी, मी एसएसएलसीला, म्हणजे दहावीला असताना, एका सकाळी खानावळीचे मालक आमच्या दारात आले. त्या दिवशी आईची सुट्टी होती. मालक आमच्या गल्लीत कधीच आले नव्हते. अप्पांनी खुर्ची पुढं केली, ते बसले नाहीत. मी पाणी आणलं, त्यांनी "आत्ताच घेतलं" म्हणून हात केला.

मग त्यांनी काम सांगितलं. आचाऱ्याला ताप चढला होता, अंथरुणातून उठता येत नव्हतं. दुपारी खानावळीत एका साखरपुड्याचं जेवण ठरलं होतं, पुऱ्या आणि मिरची. ऐनवेळी दुसरा माणूस मिळत नव्हता. म्हाताऱ्यानंच अंथरुणावरून सांगितलं होतं की त्या भांडीवाल्या बाईला बोलवा, तिचा हात तयार आहे.

आईच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. तिनं पदर खोचला. ती निघणारच होती.

तेवढ्यात मालक म्हणाले, "मागच्या दारानं या हं अक्का. परसात वेगळी चूल मांडून देतो. तुम्ही तिथं तळा, पोरं आत नेतील. आणि हे बाहेर कुठं बोलायचं नाही."

आई थांबली. "काय बोलायचं नाही?"

"हेच. तुम्ही तळलं म्हणून."

"का?"

मालकांनी अप्पांकडं बघितलं. अप्पा जमिनीकडं बघत होते. "तुम्हाला कळतंय की अक्का. माझं काही नाही. पण लोकांचं तोंड कोण धरणार? पंगत उठून गेली म्हणजे?"

"म्हणजे माझ्या हातचं चालतं, पण माझं तोंड नको."

"तसं नव्हे."

"आठ वर्षं झाली तुमच्या कढया घासतेय मी," आई म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, उलट खाली आला होता. "मी घासलेली कढई चालते. तिच्यावर पाणी मारता आणि वापरता. त्याच कढईत मी तळलं तर पंगत उठते?"

मालकांनी हातातलं घड्याळ बघितलं.

"मी येते," आई म्हणाली. "समोरच्या दारानं येते. आत तुमच्या चुलीपुढं बसून तळते. पुऱ्या फुगल्या नाहीत तर मला शिव्या द्या. पण कुणी विचारलं कुणी तळल्या, तर माझं नाव सांगायचं."

"ते होणार नाही."

"मग तळणंही होणार नाही."

मालक जायला वळले. मग म्हणाले, "एवढा ताठा बरा नव्हे. उद्यापासून भांड्यालाही येऊ नका."

"बरं," आई म्हणाली.

ते गेले. अप्पांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. "गेली असतीस तर काय बिघडलं असतं? एक दिवसाचं काम. आता हातचंही गेलं."

आई म्हणाली, "तुम्ही त्यांच्या समोर मान खाली घातली, ते मी बघितलं. त्याचं मी काही म्हणत नाही. पण मला आता घालता येत नाही."

मला आईची बाजू घ्यायची होती. पण मलाही भीती वाटत होतीच. परीक्षेची फी, पुस्तकं, सगळं डोक्यात येत होतं. आईनं डाळीचं पीठ काढलं, परातीत चाळलं, ओवा हातावर चोळून टाकला. मग म्हणाली, "चूल बाहेर घ्या."

"कुठं बाहेर?" अप्पा म्हणाले. "ती मातीची चूल आहे."

"मग दुसरी मांडा. विटा आहेत ना? दाराबाहेर मांडा. रस्त्यावर."

अप्पा उठून परसातल्या विटा आणायला गेले. तीन बाजूंनी विटा रचल्या, कढई ठेवून बघितली, एक वीट काढून परत बसवली. भर दुपारी, आमच्या घराच्या समोरच्या दारात, गल्लीतून जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला दिसेल अशी आई बसली आणि तिनं पहिली मिरची तेलात सोडली.

वास गल्लीभर गेला. पहिल्यांदा आमच्याच लोकांतल्या बायका आल्या. "हात लागतो" म्हणालेली अक्का सगळ्यांत आधी आली आणि मिरच्यांना चिरा द्यायला बसली. कापसाच्या जिनिंगमधून जेवायला घरी निघालेले चार-पाच हमाल थांबले. ते वेगवेगळ्या जातीचे, मला त्यातले दोघे ओळखीचे होते. एकानं कागदावर मिरची घेतली, दुसऱ्यानं घेतली, तिसरा म्हणाला मला नको आणि पुढं गेला. एक बाई आपल्या मुलीला घेऊन चालली होती. मुलगी थांबली, बाईनं तिचा दंड धरून तिला ओढत नेलं. आईनं ते बघितलं. तिनं मान वळवली नाही, पदरानं तोंडही पुसलं नाही. झाऱ्यानं मिरची उलटी केली.

एका माणसानं मुद्दाम मोठ्यानं विचारलं, "येल्लेरी, यार माड्यारी इदन्न?" कुणी केलंय हे?

"मी केलंय," आई मराठीत म्हणाली, आणि मग कन्नडमध्ये, "नान माडेनि." आणि आपलं पूर्ण नाव सांगितलं, नवऱ्याचं, आडनावासकट. आडनावावरून जात कळते, हे तिला माहीत होतं. त्या माणसानं क्षणभर विचार केला आणि दोन घेतल्या.

सगळं पीठ संपलं. खानावळीत त्या दिवशी पंगतीला काय वाढलं, आम्हाला कधी कळलं नाही. आम्ही विचारलंही नाही.

आई पुढं जिनिंगमध्ये कापूस निवडायच्या कामाला लागली. धुळीचं काम होतं, खोकला धरायचा. पण रविवारी दुपारी दारात कढई ठरलेली. त्यातून फार काही साधलं असं मी म्हणणार नाही. काही मोठं दुकान झालं नाही, कुणाची मनं बदलली याचाही मला भरवसा नाही. जे घेत नव्हते ते वर्षानुवर्षं पलीकडच्या बाजूनं जात राहिले. पण घेणारे उघड घेत होते आणि ती उघड देत होती.

तिसऱ्या की चौथ्या रविवारी म्हातारा आचारी काठी टेकत आला. तापातून उठून बारीक झाला होता. आईनं त्याला पाट दिला. तो पाटावर बसला, पाणी मागून प्यायला. हे मी लक्षात ठेवलं आहे, कारण मीच तांब्या दिला होता. त्यानं सावकाश तीन मिरच्या खाल्ल्या. आई त्याच्याकडं बघत होती, निकाल ऐकायचा असावा तशी.

"उरी जरा कम्मी माडरी," तो शेवटी म्हणाला. जाळ जरा कमी करा. "पीठ बरोबर आहे."

आईनं चुलीतलं एक लाकूड मागं ओढलं.

मी एसएसएलसी झाले, टायपिंग शिकले आणि ऐंशीच्या दशकात धारवाडला एका कचेरीत लागले. रोज हुबळीहून जाणं-येणं जमेना म्हणून तिथंच केलगेरी भागात खोली शोधायला लागले. पहिल्या घरमालकिणीनं नाव विचारलं, गाव विचारलं, आडनाव विचारलं, आणि मग गोड आवाजात म्हणाली, "तळण-बिळण करत नाही ना तुम्ही? वास येतो हो."

तिला तेलाच्या वासाची काळजी नव्हती. तिला माझ्या घरात काय तळतात ते विचारायचं होतं.

"करते की," मी म्हणाले. "मिरच्या तळते. रविवारी मासे पण तळते."

"मग जमायचं नाही."

"नाही जमलं तर नाही." मी पिशवी उचलली.

दुसऱ्या घरातही असंच झालं. आडनाव थोडं वेगळं सांग, तळत नाही म्हण, असं कचेरीतल्या एका मैत्रिणीनं सुचवलं. ती माझ्या भल्यासाठीच सांगत होती. मी तिला नाही म्हणाले. पाचव्या घरात, केलगेरीच्या तळ्याच्या अंगाला, वरच्या मजल्यावर एक खोली मिळाली. मालक निवृत्त शिक्षक होते. त्यांनी आडनाव ऐकलं, भाडं सांगितलं आणि किल्ली दिली. खाली दोन बिऱ्हाडं होती, ती मात्र माझ्याशी जपूनच बोलायची.

पहिल्या रविवारी मी बाजारातून मासे आणले. हळद, तिखट, मीठ लावून ठेवले. रॉकेलचा स्टोव्ह पेटवला, तेल तापत ठेवलं, पिठाचा कण टाकून बघितला. तो बुडबुडे घेत वर आला. मी खोलीच्या दोन्ही खिडक्या सताड उघडल्या आणि पहिला तुकडा सोडला. चर्र असा आवाज झाला. खालच्या बिऱ्हाडात कुणीतरी खिडकी धाडकन लावून घेतली. मी दुसरा तुकडा सोडला.